बासवाल्याची बैठक

दलितांच्या सांस्कृतिक इतिहासाविषयी आपल्याकडे बरेच लिहून झाले आहे. जलशांवर लिहिले गेले, तमाशावर लिहिले गेले, हलगीवर तर कविताही पुष्कळ झाल्या. परंतु हलगी खाली ठेवून ज्यांनी पितळी वाद्य हाती घेतले, त्या बँडवाल्यांची दखल आपल्या लेखकांनी फारशी घेतलेली नाही. आणि आज मी ज्या प्रश्नावर लिहिणार आहे, तो तर कित्येकांना प्रश्नच वाटणार नाही. प्रश्न असा आहे, की बँडमधले सर्वांत मोठे पितळी वाद्य वाजवणाऱ्या माणसाने कशावर बसून वाजवावे?

वाचक हसतील. मीही तो अनेक वर्षे हसण्यावारी नेला होता. परंतु माणूस कुठे बसतो, कशावर बसतो, आणि त्याला बसू दिले जाते की नाही, या प्रश्नांची उत्तरे या देशात जात पाहून दिली गेली आहेत. म्हणून बसण्याच्या साधनाचा इतिहास हा सुताराच्या कामाचा इतिहास राहत नाही. तो समाजाचा इतिहास होतो.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, तीस वर्षे बँडमध्ये बास वाजवत होते. लोकांच्या कानावर गाणे पडते ते ट्रम्पेटचे आणि क्लॅरिनेटचे. बास कोणी मुद्दाम ऐकत नाही. पण तो थांबला, की गाणे पोकळ झाले आहे हे सर्वांना कळते. लग्नसराईत आबांचा दिवस सकाळी नवरदेवाच्या परण्यापासून सुरू होई आणि मध्यरात्री वरात दारात पोचल्यावर संपे. चालताना वाजवायचे ते चालतच वाजवायचे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु लग्न लागल्यावर पंगती उठेपर्यंत दोन-दोन तास एका जागी सिनेमाची गाणी वाजवायची असत. त्या वेळी आबा कधी ढोलाच्या खोळीवर, कधी पोशाखाच्या पत्र्याच्या पेटीवर, कधी चुलीसाठी आणलेल्या दगडावर बसत. बहुतेक वेळा उभेच असत. मांडवात खुर्च्या असत. त्या पाहुण्यांसाठी असत.

हे वाद्य आले कुठून, ते आधी पाहू. पितळी नळीला झडपा बसवण्याची युक्ती जर्मनीत निघाली. १८१८ साली श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात तिचे पेटंट घेतले. १८३५ साली प्रशियाच्या लष्करी बँडांचे प्रमुख विप्रेख्त आणि वाद्ये बनवणारे मोरिट्झ यांनी बास ट्युबाचे पेटंट घेतले. पुढच्या दशकात बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ साक्सने पॅरिसमध्ये लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घराण्याची शिंगे तयार केली. इंग्रजांच्या लष्करी बँडांत आणि त्यांच्या गिरणी-खाणीतल्या कामगारांच्या बँडांत या जातीची वाद्ये पसरली. आबांच्या हातात जो जुना बास होता तो याच वंशातला. त्याची नळी उलगडून सरळ केली तर ती सुमारे तेरा फूट भरेल. याहून मोठ्या बासची अठरा फूट भरते. एवढ्या लांब नळीत माणसाला आपल्या छातीतली हवा भरायची असते.

या वाद्याची दोन आयुष्ये आहेत. एक बसून वाजवण्याचे आणि एक चालत वाजवण्याचे. सभागृहात वादक खुर्चीवर बसतो, वाद्य मांडीवर घेतो आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवतो. चालत वाजवणाऱ्या शिपायासाठी वेगळा विचार करावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात हेलिकॉन नावाचा बास निघाला, तो गोल वळवून खांद्यावरून अंगाभोवती घालता येतो. त्याचाच एक अवतार १८९० नंतर अमेरिकेत सूसा या बँडमास्तरांच्या सांगण्यावरून तयार झाला आणि त्यांच्याच नावाने सुसाफोन म्हणून ओळखला गेला. आज आपल्याकडच्या बँडांत मोठे पांढरे तोंड असलेले जे वाद्य गळ्यात घातलेले दिसते, ते हेच. म्हणजे तिकडे वाजवणाऱ्याच्या शरीराचा विचार झाला. बसणाऱ्यासाठी खुर्ची होती, चालणाऱ्यासाठी वाद्याचा आकार बदलला.

भारतात हे वाद्य पलटणीबरोबर आले. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सैन्यात बँड होते, संस्थानिकांनी त्यांचे अनुकरण केले, मुंबईत पोलिसांचा बँड झाला, गोव्याचे ख्रिस्ती वादक या सगळ्या ठिकाणी नावाजले गेले. १८८२ च्या सप्टेंबरात मुक्तिफौजेची पहिली तुकडी मुंबईत उतरली आणि वाजतगाजत रस्त्यावर निघाली, तेव्हा पोलिसांनी त्यांना पकडले. रस्त्यावर कोणी वाजवावे आणि कोणी नाही, हा सत्तेचा प्रश्न असतो हे गोऱ्या मिशनऱ्यांनाही त्या दिवशी कळले. पुढे हाच बँड पलटणीतून बाजारात उतरला. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्ये घडवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. तेथली नादिर अली यांची पेढी १८८५ ची आहे. लष्करी पोशाखाची नक्कल झाली. लाल कोट, खांद्यावर झालर, डोक्यावर टोपी. साहेबाच्या पलटणीचा थाट वधूपित्याला दोन-चार तासांसाठी भाड्याने मिळू लागला.

पण तो थाट अंगावर चढवून वाजवणार कोण? येथे इतिहास एकदम ओळखीचा होतो. वाजवणे हे ज्यांच्या माथी जन्माने मारले होते, तेच या नव्या धंद्यातही आले. आमच्याकडे मांग आले, होलार आले; इतरत्र त्या त्या प्रांतातल्या अस्पृश्य जाती आणि गरीब मुसलमान आले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडांवर 'ब्रास बाजा' हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध केला, त्यातही वादकांचे हेच सामाजिक चित्र दिसते. वाद्य बदलले, हात तेच राहिले. हलगीला कातडे असते म्हणून ती विटाळाची, असे सांगितले जाई. मग पितळेचे काय? पितळेची भांडी तर देवघरात असतात. हे पितळ आमच्या तोंडाला लागले तेव्हा मात्र त्याची पवित्रता संपली. यावरून विटाळ कातड्यात नव्हता, माणसात मानलेला होता, हे सिद्ध होते.

आता बसण्याकडे येऊ. आपल्या संगीतात बसण्याला केवढी प्रतिष्ठा आहे! गवयाच्या मैफलीला आपण बैठकच म्हणतो. लावणीतसुद्धा बैठकीची लावणी आणि फडावरची लावणी असा भेद आहे, आणि मान कोणत्या लावणीला जास्त, हे सर्वांना माहीत आहे. देवळाच्या नगारखान्यात गुरव बसून सनई-चौघडा वाजवी. त्याच देवळाच्या बाहेर, पायरीपासून अंतर राखून, मांग उभा राहून हलगी वाजवी. दोघेही एकाच देवासाठी वाजवत होते. एक वर बसून वाजवत होता, दुसरा खाली उभा राहून वाजवत होता. या दोघांच्या कलेत फरक असेल, पण त्यांच्या बसण्या-उभे राहण्यातला फरक कलेने ठरवलेला नव्हता.

आणि बैठकीचा विषय निघाला की साताऱ्याच्या शाळेतला भीमराव आठवल्याशिवाय राहत नाही. वर्गात इतर मुलांपासून वेगळे बसायचे, बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी तो परत घरी न्यायचा, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावणार नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पाठीवर वागवत नेण्याची बैठक ही आमच्या वाट्याला आलेली वस्तू आहे, ती आम्ही हौसेने शोधलेली नाही. म्हणूनच मी जेव्हा आबांसाठी बरोबर नेता येईल असे आसन करायला घेतले, तेव्हा मनात एक शंका सारखी डोकावत होती. आपण पुन्हा गोणपाटच शिवतो आहोत काय?

तरीही ते आसन करणे भाग होते. कारण आबांच्या शरीराने तक्रार सुरू केली होती. बास वाजवणाऱ्याची अडचण साधी आहे. वाद्याचे तोंड ओठांपाशी यायला हवे, ओठ वाद्यापाशी नेता कामा नयेत. माणूस दगडावर किंवा पेटीवर फार खाली बसला, की गुडघे वर येतात, पोट दाबले जाते, आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच अडतो. खालचा सूर थरथरतो, वादक दर दोन मात्रांनी श्वास घेतो. फार उंच बसला तर मान वाकवावी लागते आणि दिवसाअखेर मानेचा मणका बोलू लागतो. उभे राहून वाजवले तर आठ-नऊ किलोंचे धूड डाव्या हाताच्या मिठीत आणि गळ्यातल्या पट्ट्यावर. आबांच्या मानेवर त्या पट्ट्याचा काळा वण कायमचा होता. आमच्या घरी बैलाच्या खांद्याला जे तेल लावत, तेच ते रात्री मानेला लावत.

मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. पहिल्यांदा हाताची खुर्ची आणली. तिचे हात वाद्याच्या पोटाला आडवे येत, उजवा कोपर मोकळा राहत नसे, झडपा दाबता येत नसत. शिवाय अशा खुर्चीची बैठक मागे उतरती असते. माणूस मागे रेलतो आणि वाद्य छातीवर येते. मग नवारीचे घडीचे स्टूल आणले. ते हलके होते, पण नवार महिन्याभरात खोलगट झाली आणि पुन्हा पोट दाबले जाऊ लागले. शाळेचा बाक उंचीला बरोबर होता, पण तो डोक्यावर घेऊन वरातीत कोण फिरणार? तेव्हा मी आबांना भिंतीला टेकवून उभे केले आणि टेपने माप घेतले. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत सतरा इंच. आसन त्याहून बोटभर उंच हवे, म्हणजे मांड्या किंचित पुढे उतरत्या राहतात, पोट सुटे राहते आणि दोन्ही पाय सपाट टेकतात.

आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने लोखंडी पाइपचे कात्रीसारखे मिटणारे पाय करून दिले. वर नवारीऐवजी आंब्याची फळी बसवली, तिच्या पुढच्या कडेची धार रंधून गोल केली, कारण ती मांडीत रुतते. पहिल्याच लग्नात आणखी एक गोष्ट कळली. मांडवाची जमीन शिंपडलेली असते, पाय तीत रुततात आणि स्टूल एका बाजूला कलते. म्हणून पुढच्या दोन आणि मागच्या दोन पायांखाली लोखंडी पट्टी जोडून घेतली. घडी करून खांद्याला अडकवण्यासाठी जुन्या पखवाजाच्या खोळीचा पट्टा लावला. आबा त्यावर बसले, बास मांडीवर घेतला आणि एक लांब सूर धरला. तो सूर किती वेळ चालला! माझी आई चुलीपासून उठून दारात आली. एवढी वर्षे आम्ही ज्याला आबांचा दम कमी झाला म्हणत होतो, तो दम कमी झालेला नव्हता. त्याला बसायला जागा नव्हती.

हे स्टूल घेऊन आबा एका बड्या बागाईतदाराच्या मांडवात गेले. पंगत सुरू झाली, बँडने वाजवायला सुरुवात केली, आबा मांडवाच्या कडेला आपल्या स्टुलावर बसले. थोड्या वेळाने घरातला एक वडीलधारा आला आणि म्हणाला, "पाव्हणं खाली पंगतीला बसल्यात आन बाजावाला वर बसतोय व्हय रं? ऊठ." स्टूल आमचे होते. जमीन सोडली तर त्यांचे काहीच नव्हते. बँडमास्तरांनी समजूत घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा उरलेले पैसे मिळणार नाहीत असे उत्तर आले. आबा उठले. राहिलेली गाणी त्यांनी उभ्याने वाजवली. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "सूर चांगला लागला होता रं आज."

त्या दिवशी मला कळले, की खुर्ची आणि गोणपाट यांत साधनाचा फरक नसतो. गोणपाट बसवणाऱ्याच्या हुकमाने अंथरले जाते. माणूस स्वतःच्या इच्छेने जिथे बसतो ते आसन, मग ते फळीचे का असेना. समाजाला आमच्या बसण्याची भीती वाटत नाही, आमच्या इच्छेने बसण्याची भीती वाटते. ही जुनी गोष्ट आहे असे समजू नये. २०१९ साली उत्तराखंडातील टिहरी जिल्ह्यात एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली आणि काही दिवसांनी तो दवाखान्यात मरण पावला. लग्नच होते, खुर्चीच होती. घोड्यावर बसला म्हणून दलित नवरदेवाला खाली उतरवल्याच्या बातम्या राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून आजही येतात. म्हणजे ज्यांच्या वाजवण्यावाचून कोणाची वरात निघत नाही, त्यांची स्वतःची वरात त्याच गल्लीतून निघू शकत नाही.

मग हा धंदाच सोडून द्यावा, असे काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. गावकीची हीन कामे टाकून द्या, हा बाबासाहेबांच्या चळवळीचा आदेश होता, आणि तो योग्यच होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, तीही त्या लढ्याचाच भाग म्हणून. परंतु बलुत्यातले वाजप आणि सुपारी घेऊन केलेले वाजप यांत मी फरक करतो. बलुत्यात वाजवणे हा जन्माचा बोजा होता, त्याला ना दर होता ना नकार. बँडला सुपारी असते, पावती असते, तारीख असते, नाही म्हणण्याची सोय असते. ज्याने हे वाद्य शिकण्यात आयुष्य घातले, त्याला धंदा सोड म्हणण्याआधी त्या धंद्याला माणसाच्या पातळीवर आणता येते का, हे पाहिले पाहिजे. केरळात कोझिकोडच्या दुकानांत दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ साली केरळात आणि २०२१ साली तमिळनाडूत दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक झाले. त्या बायकांनी दुकान सोडले नाही, दुकानात बसण्याची जागा मिळवली.

आबांच्या बँडनेही एक लहानसे काम केले. त्या प्रसंगानंतर त्यांच्या पावतीपुस्तकाच्या नव्या छपाईत, जेवण आणि गाडीभाडे या ओळींखाली एक ओळ वाढवली गेली: वादकांना मांडवात बसण्याची सोय करावी लागेल. काही सुपाऱ्या त्या ओळीवरून परत गेल्या. बँडमधल्या तरुणांनी कुरकुर केली, एका म्हाताऱ्यासाठी आमचे पोट कशाला मारता असेही कोणी बोलले. काही यजमानांनी मात्र न वाचताच सही केली, आणि मांडवात आयत्या वेळी बाक टाकून दिला.

येथे लेख संपवता आला असता, आणि तो आपल्या सर्वांना सोयीचा झाला असता. पण एक गोष्ट सांगितली नाही तर हे सारे लिहिणे अप्रामाणिक होईल. पुढे माझे स्वतःचे लग्न झाले. आबांचाच बँड होता, मात्र आबा त्या दिवशी नवरदेवाचे वडील म्हणून पुढच्या रांगेत खुर्चीवर होते. बास त्यांच्या जागी दुसरा एक जण वाजवत होता. व्यासपीठावर बाबासाहेबांची तसबीर होती, समतेवर भाषणे झाली, मी स्वतः दोन शब्द बोललो. जेवणे सुरू झाली आणि आबा एकाएकी उठून मांडवाच्या कडेला गेले. तो बासवाला उभा होता. आबांनी आपली खुर्ची त्याच्यापुढे ठेवली. ती हातांची खुर्ची होती, तिच्यावर बसून बास वाजवता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी त्यांनी ती ठेवली. स्टूल घरी माळ्यावर होते. ते आणण्याचे मला सुचले नव्हते.

त्यानंतर मी आपल्याच वस्त्यांतली लग्ने आणि १४ एप्रिलच्या मिरवणुका वेगळ्या नजरेने पाहू लागलो. बँडवाले बहुधा आपल्याहून एका पायरीने खालच्या मानलेल्या जातीचे असतात, आणि ते कडेला उभे असतात. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती हीच. ती सवर्णांच्या मांडवात राहते तशी आपल्या मांडवातही मुक्कामाला येते. आपण तिला ओळखत नाही, कारण तेथे आपण खुर्चीवर बसलेले असतो.

आज डीजेने बँडांची कंबर मोडली आहे. भिंतीएवढ्या पेट्या टेम्पोवर बसून जातात, त्यांना कोणी ऊठ म्हणत नाही. आबांच्या बँडमधले बहुतेक वादक आता हयात नाहीत. जे आहेत त्यांच्याकडे बसून कोणी विचारले, तर वाद्ये कोठून आली, स्वरलिपी कोणी शिकवली, मजुरी कशी वाटली जाई आणि कोणत्या गावात बसू दिले जात नव्हते, हे सारे अजून सांगता येईल. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे. जाताना जमिनीवर बसण्याची तयारी ठेवावी, आणि घरात एकच खुर्ची असेल तर ती त्या वादकाला द्यावी.

आबांचे स्टूल माझ्याकडे आहे. फळीच्या मधोमध त्यांच्या बसण्याने गुळगुळीत झालेला भाग दिसतो. आमच्या भागात कोणाकडे लग्न निघाले आणि बँड ठरला, की मी ते घेऊन जातो आणि बासवाल्याच्या पायाशी उघडून ठेवतो. काही जण बसतात. काही जण आधी मांडवातल्या लोकांकडे पाहतात.